गिरीजच्या लग्नाला नेलेली मोटार

लोक काश्मीरला जाऊन येतात, कन्याकुमारीला जाऊन येतात, आणि आल्यावर चार घरी फोटो दाखवत हिंडतात. आम्ही वसईजवळच्या गिरीजला जाऊन आलो. आमच्याकडे फोटो एकच आहे, आणि त्यात मी गाडीखाली असल्यामुळे माझ्या फक्त चपला दिसतात. तरीही लिहायला बसलो आहे, कारण आम्ही गेलो ते स्वतःच्या मोटारीने. ऐंशी सालाच्या आगेमागे आमच्या गल्लीत 'स्वतःच्या मोटारीने' हे शब्द उच्चारायला मिळणं म्हणजे काय होतं, हे आज ज्यांच्या दारात गाडी उभी असते त्यांना कळायचं नाही.

गाडी जुनी होती. म्हणजे मी जुनी म्हणत असे. माझी पत्नी मालती वेगळा शब्द वापरत असे आणि तो शब्द ऐकला की दारावरून जाणारा भंगारवाला थांबत असे. गल्लीतल्या एका निवृत्त डॉक्टरांकडून ती घेतली. किल्ली देताना डॉक्टर म्हणाले, "अगदी घरच्या माणसासारखी वागते हो." घरातली माणसं माझ्याशी कशी वागतात हे त्या क्षणी आठवलं असतं, तर किल्ली तिथंच परत दिली असती.

आता गिरीजच का, तर इनासमुळे. इनास आणि मी नाशिकच्या एका छापखान्यात बरीच वर्षं शेजारच्या टेबलांवर बसून प्रुफं तपासत होतो. वडील गेल्यावर तो नोकरी सोडून गिरीजला आपली वाडी सांभाळायला गेला. केळी, नारळ, थोडी भाजी, विहिरीवर इंजिन, घरात म्हातारी आई आणि एकुलती लेक आग्नेस. आग्नेस लहान असतानाच तिची आई गेली. ती चार वर्षांची असताना माझ्या टेबलाखाली बसून कागदाच्या कात्रणांची होडी करायची. तिच्या लग्नाचं बोलावणं करायला इनास नाशिकला आला, आणि मी, दारात उभ्या असलेल्या गाडीकडे बघत, बोलून गेलो, "आग्नेस चर्चला जाईल ती माझ्या गाडीतून!"

आमच्याकडे अशा बोलण्याला समोरचा माणूस "अहो, कशाला उगाच" म्हणतो, आपण "नाही नाही, असं कसं" म्हणतो, आणि विषय संपतो. इनासने तसं काही केलं नाही. तो गावी गेला आणि वसईत ठरवून ठेवलेली टॅक्सी त्याने सोडून दिली. लग्नाचा हंगाम, ती टॅक्सी त्याच संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या लग्नाला लागली. वर त्याने व्याह्यांकडेही सांगितलं. नवऱ्यामुलाचे पावलूमामा, ज्यांच्याकडे स्कूटर होती आणि त्यामुळे इंजिन या विषयावरचा शेवटचा शब्दही होता, ते म्हणाले म्हणे, "नाशिकची गाडी? वाटेत कसारा घाट आहे, हे त्यांना कुणी सांगितलं का?"

हे सगळं मला पत्राने कळलं. इनास शब्दाला एवढा मान देतो हे आधी ठाऊक असतं, तर मी शब्द जरा जपून वापरले असते.

भिवंडीपाशी

कसारा घाट गाडीने झोकात उतरला. उतरण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पण शहापूर मागे पडलं, रस्ता सपाट झाला, आणि गाडी उचक्या देऊ लागली. थांबायची, धक्का मारला की निघायची, पुन्हा थांबायची. धक्का मालती मारत होती, कारण स्टिअरिंग मला येत होतं.

भिवंडीच्या अलीकडे एका झाडाखाली एक मेकॅनिक भेटला. त्याने इंजिनाकडे जाणारी नळी सोडवली, तोंडाने ओढली, थुंकला, आणि गाळणीची काचेची वाटी काढून माझ्या नाकासमोर धरली. तळाशी लालभडक गाळ होता, कुणी कुंकू सांडल्यासारखा.

"टंकी में गंज आहे साहेब. पेट्रोल कमी झालं की तळाचा गाळ उठतो आणि नळीत बसतो. टंकी कधी रिकामी होऊ देऊ नका. जवळ एक डबा भरून ठेवा."

मी ताबडतोब पत्र्याचा एक मोठा डबा विकत घेतला, भरून घेतला, आणि त्याहून वाईट म्हणजे ज्ञानी झालो. कामणच्या जंगलातून जाताना दोन्ही बाजूंना इतकी सुंदर झाडी होती, पण मालतीला मी कार्बोरेटर समजावून सांगत होतो. ती बाहेर बघत "हं" म्हणत होती. वसईत शिरेपर्यंत तो डबा टाकीत रिकामा करून झाला होता, आणि मी स्वतःला अर्धा मेकॅनिक समजत होतो. कुठला अर्धा, ते पुढे कळलंच.

गिरीज

ज्यांनी वसईच्या वाड्या पाहिल्या नाहीत त्यांना कसं सांगू? रस्ता इतका अरुंद की दोन्ही खिडक्यांतून केळीची पानं आत येऊन विचारपूस करतात. सगळीकडे पाटाचं पाणी, ओल्या मातीचा वास, आणि कुठूनतरी विहिरीवरच्या इंजिनाची फटफट. त्या हिरव्या बोगद्यातून गाडी इनासच्या अंगणात शिरली तेव्हा मांडव घालणारी माणसं खाली उतरली, बायका बाहेर आल्या, आणि आग्नेस पळत आली. माझ्या पाया पडली आणि उठताना गाडीच्या बॉनेटवरून हळूच हात फिरवला.

"काका, खरंच आणलीत?"

"म्हणजे काय? तुला काय वाटलं?"

"मला वाटलं होतंच. पण पावलूमामा म्हणत होते..." आणि तिने जीभ चावली.

इनासची आई, कातरीन आय, पडवीच्या पायरीवर उभी होती. सत्तरी ओलांडलेली, लाल लुगडं घोट्याच्या वर नेसलेली, हातापायाने काटक. विहिरीवरचं इंजिन आजही तीच चालू करते, असं इनासने मला अभिमानाने सांगितलं.

आमच्या नाशिकला पाहुणा आला की आपण विचारतो, "चहा घेणार ना?" आणि हा प्रश्न आपण अशा सुरात विचारतो की सभ्य माणूस "नको, आत्ताच झाला" म्हणतो. गिरीजला विचारायची पद्धत नाही. आधी शहाळं आलं, मग चहा, मग गरम फुगे. फुगे म्हणजे तळलेले, किंचित गोड, आतून पोकळ गोळे. एक खाल्ला की हात आपोआप दुसऱ्याकडे जातो. त्यांच्याबरोबर इंद्याल आलं. इंद्याल हे डुकराच्या मांसाचं आंबटतिखट कालवण. आम्ही घरी शाकाहारी. पण प्रवासात माणसाने मन मोठं ठेवावं असं माझं मत आहे, आणि मालतीचं मत मी विचारलं नाही. तिला आयने केळफुलाची भाजी वेगळी करून ठेवली होती.

आणखी एक गोष्ट तिथं पाहिली. मालतीने येताना डबा भरून चिवडा आणला होता. आयने तो रिकामा केला, धुतला, पुसला, आणि त्यात सुकेळी भरून तो मालतीच्या हातात परत दिला. पिकलेली राजेळी केळी उन्हात वाळवून केळीच्या पानात बांधायची, ती सुकेळी. मालती म्हणाली, "अहो आय, आत्ता कशाला? जाताना घेऊ की."

"भांडं रिकामं नाय द्यायसं," आय म्हणाली. "पावन्याचं भांडं घरात रिकामं ऱ्हायलं तर घराला बरं नाय." आयच्या तोंडी 'च'चा 'स' होतो, गिरीजच्या जुन्या माणसांची ती घरची बोली, आणि दुसऱ्या फुग्यानंतर ती मला पूर्ण समजायला लागली होती.

आमच्याकडेही रिकामं भांडं परत देत नाहीत, पण आम्ही त्यात चार दाणे साखर घालतो आणि सुटतो. हे मला सांगावंसं वाटलं, पण तोंडात फुगा होता.

पडवीत एका कोपऱ्यात मी माझा पत्र्याचा डबा ठेवला होता. सकाळी पाहतो तर तो काठोकाठ भरलेला. इनास लग्नाच्या धावपळीत, तरी पहाटे उठून कुठूनतरी पेट्रोल घेऊन आला, या विचाराने मी गहिवरलो. आभार मानले तर त्याला परकेपणा वाटेल म्हणून मानलेही नाहीत. गुपचूप डबा टाकीत ओतला. ओतताना वास कसा आला नाही, असं पुढे सगळ्यांनी विचारलं. मी तपकीर ओढतो. माझ्या नाकाला गुलाब आणि गटार यांतला फरक कळणं बंद होऊन बरीच वर्षं झाली.

मालती मात्र गाडीत बसताबसता म्हणाली, "स्टोव्हचा वास येतोय."

"तुला सगळीकडे स्वयंपाकघरच दिसतं," मी म्हणालो.

हे वाक्य मला मागे घेता आलं असतं तर ती गाडी मी फुकट दिली असती.

अर्नाळा

लग्न दुसऱ्या दिवशी होतं. इनासला मासळी सांगायला अर्नाळ्याला जायचं होतं. "गाडी आहेच ना," मी म्हणालो. आम्ही तिघं निघालो.

सुरुवातीला गाडी ठीक होती. मग तिने आतून कुणी हातोडी मारावी तसा आवाज सुरू केला. मग मागून पांढरा धूर निघू लागला. आगाशी ओलांडेपर्यंत तो इतका झाला की मागची सायकलवाली माणसं उतरून चालू लागली. चढ नव्हताच, तरी गाडी धापा टाकत होती. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर पोचलो, आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंच्या रांगांसमोर तिने डोळे मिटले.

समोर समुद्र, त्यात ते किल्ल्याचं बेट, ओहोटीत कलंडलेल्या होड्या, बोंबिलांवरून येणारा वारा. इतकं सुंदर दृश्य मी आयुष्यात फार थोड्या वेळा पाहिलं आहे, आणि तेही बॉनेटच्या फटीतून.

इनासच्या ओळखीचे गोविंद तांडेल होडीची डागडुजी करत होते. ते हात पुसत आले. त्यांच्या होडीला डिझेलचं इंजिन, त्यामुळे जगातली सगळी इंजिनं डिझेलची.

"हवा धरली," त्यांनी निदान केलं. "नळीत हवा शिरली का इंजिनाला खायला मिलत नाय. हवा काढली पाहिजे."

"पेट्रोलच्या गाडीत हवा?" मी ज्ञानी माणसाच्या आवाजात विचारलं.

"समुद्रात हाय, होडीत हाय, मानसात हाय. गाडीत का नसनार?"

त्यांनी एक नट सैल केला, थोडं तेल वाहू दिलं, पुन्हा आवळला. बोटं हुंगली आणि जरा विचारात पडले. "वास येगला येतोय रं." पण तेवढ्यात मी किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली! ती तापलेली होती म्हणून सुरू झाली, हे आज कळतं. त्या वेळी टाळ्या वाजल्या, तांडेलांनी वासाचा विषय सोडून दिला, आणि आम्ही मासळी सांगून, हातोडीच्या तालावर, गिरीजला परतलो. अंगणात शिरल्यावर ती जी बंद पडली ती पडलीच.

मांडवाखाली

मराठी माणसाला नाटकाची आवड आहे असं म्हणतात. मला वाटतं त्याहून जास्त आवड त्याला उघड्या बॉनेटची आहे. अंगणात बॉनेट वर झालं, आणि मांडवाची दोरी ज्याच्या हातात होती त्याने दोरी सोडली, कंदील ज्याच्या हातात होता तो कंदिलासकट आला.

गावातल्या शाळेचे मास्तर म्हणाले, ठिणगी योग्य क्षणी पडत नाही. आणि त्यांनी पाटीवर आकृती काढून दाखवली. लग्नाचा सूट शिवणारे शिंपी म्हणाले, आवाजावरून पट्टा ढिला वाटतो. बँडचे मुख्य वाजंत्री डोळे मिटून ऐकत राहिले आणि म्हणाले, चौथा ठोका चुकतोय. एका आजोबांनी सांगितलं की दृष्ट लागली आहे, आणि दृष्ट कुणाची, हे सांगताना त्यांनी नवऱ्याकडच्या गावाच्या दिशेने हनुवटी केली. मी स्वतः गाळ, गंज आणि कार्बोरेटर यांवर एक छोटं भाषण दिलं. प्लग काढले, सॅंडपेपरने घासले, परत लावले. ठिणगी पाडणारे पॉइंट काडेपेटीच्या बाजूने घासले. ज्याला जे सोडवता आलं ते त्याने सोडवलं, आणि जे लावता आलं नाही ते मास्तरांकडे दिलं.

तेवढ्यात फाटकाशी स्कूटर थांबली. पावलूमामा. उद्याचा निरोप द्यायला आले होते. त्यांनी खिशात हात घालून गाडीला एक फेरी मारली.

"हीच का ती?"

"हो," मी म्हणालो.

"केळीला खत म्हणून बरी आहे. लोखंड लागतं केळीला." मग इनासकडे वळून, "चर्चात दहाची मिस्सा आहे. फादर थांबत नाहीत. आमच्याकडून काय पाठवू का? आमच्या शेजाऱ्याचा टेम्पो आहे. कोबीचा. धुऊन घेऊ."

सगळे हसले. मीही हसलो, कारण न हसणं जास्त वाईट दिसलं असतं. इनास हसला नाही. तो म्हणाला, "नको. गाडी आहे." आणि आत गेला. तो माझ्यावर चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. दाराशी आग्नेस उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

मालतीने जेवताना पुन्हा सांगितलं, "मी म्हणते, स्टोव्हचा वास येतोय." माझ्यासकट पंगतीतल्या एकाही पुरुषाने तिकडे लक्ष दिलं नाही. आम्ही इंजिनाबद्दल बोलत होतो.

लग्नाची सकाळ

सकाळी बँडवाले लाल कोट घालून हजर. आग्नेस पांढऱ्या झग्यात, डोक्यावर जाळीचा पदर, हातात फुलं. पावलूमामा वधूकडच्यांना "घेऊन येण्यासाठी" मुद्दाम आले होते, आणि स्कूटरवर टेकून उभे होते. चर्च पायी जायला अर्ध्या तासाच्या वाटेवर, वाट मातीची आणि पाटाच्या पाण्याने ओली.

मी किल्ली फिरवली. गाडीने एक खोकला दिला. पुन्हा फिरवली. खोकलाही नाही. हॅंडल मारलं. मास्तरांनी मारलं. बँडच्या ढोलवाल्याने मारलं. मग सगळ्यांनी ढकलली. ती अंगणातून विहिरीपर्यंत गेली आणि तशीच मुकी उभी राहिली. आणि मग चर्चेला तोंड फुटलं. मास्तर म्हणाले ठिणगी, शिंपी म्हणाले पट्टा, मी म्हणालो गंज. आवाज चढले. मास्तर मला "तुम्ही नाशिककर" म्हणाले, मी त्यांना काहीतरी म्हणालो. इनास एकटा बाजूला उभा राहून घड्याळ बघत होता.

या सगळ्यात आय हातात ओवाळणीचं ताट घेऊन बाहेर आली.

"काय झालां?"

"गाडी सालत नाय, आय," इनास तिच्याच बोलीत म्हणाला.

"परत भूक लागली तिला? कालस तं डबा भरून दिला मी."

मालतीने पदर तोंडाला लावला.

"कुठला डबा, आय?" मी विचारलं.

"तुमसास. पडवीत रिकामा ठेवलेला. पावन्याचं भांडं रिकामं कसं ठेवू? पंपाच्या पिंपातून भरला." आणि आमचे चेहरे बघून ती जरा दुखावल्या स्वरात म्हणाली, "पंप सालतो त्यावर. गाडी का नाय सालनार?"

पंप म्हणजे विहिरीवरचं इंजिन. ते सुरू होतं चमचाभर पेट्रोलवर, आणि तापलं की चालतं रॉकेलवर. पिंपात रॉकेल होतं. दोन दिवस आम्ही त्या गाडीचा प्रत्येक स्क्रू तपासला. तिच्या पोटात काय गेलं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. विचारायचं झालं असतं तर एका बाईला विचारावं लागलं असतं, आणि सांगणारी दुसरी बाई दोन दिवस सांगतच होती.

"स्टोव्ह," मालती म्हणाली. एवढंच. गेली कित्येक वर्षं आमच्या घरातला प्रत्येक वाद ती याच शब्दाने संपवते.

निदान झालं. पण निदानाने नवरी चर्चला जात नाही. टाकी रिकामी करून धुवायला वेळ नव्हता, पेट्रोल पंप लांब होता, आणि वाडीवरच्या बाटलीत पेट्रोलचा थेंब नव्हता. आदल्या दिवशी बाग भिजवायला इंजिन सुरू करताना तो संपला होता. इनास म्हणाला, "चला, चालत जाऊ," आणि तो हे असं म्हणाला की बँडवाल्यांनीही मान खाली घातली.

आयने ताट खाली ठेवलं. "टाकीला काय करायसां? पंप सुरू करते तेव्हा मी वरून पेट्रोल सोडते ना, बारक्या डब्यातून? तसां सोडा."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. टाकीची नळी काढून टाकायची, वेगळ्या डब्यातून रबरी नळीने पेट्रोल थेट कार्बोरेटरला द्यायचं, डबा उंच धरायचा. दवाखान्यात सलाईन लावतात तसं. होण्यासारखं होतं. फक्त पेट्रोल?

सगळ्यांच्या माना हळूहळू एकाच दिशेला वळल्या. पावलूमामा स्कूटरवरून उठून सरळ उभे राहिले.

"नाही हं. त्यात ऑईल मिसळलेलं असतं. तुमच्या गाडीला चालणार नाही."

"धूर होईल, पण चालेल," मी म्हणालो. हे मला खरोखर माहीत होतं. त्या दोन दिवसांतलं माझं एकमेव बरोबर वाक्य.

"आणि मी कसा जाऊ?"

आग्नेस पुढे आली. झगा दोन्ही हातांनी उचललेला, पायांत पांढरे बूट, बुटांना चिखल. "मामा," ती म्हणाली, "तुमचा भाचा तिकडे दारात उभा असेल. त्याला काय सांगू, मामांनी पेट्रोल दिलं नाही म्हणून उशीर झाला?"

मामांनी खिशातून किल्ली काढली आणि कुणाकडेही न बघता इनासच्या हातावर ठेवली.

मग सगळी चक्रं फिरली. माझाच तो डबा धुऊन, सुकवून, स्कूटरमधलं पेट्रोल त्यात ओढून घेतलं. ढोलवाल्याने तोंडाने ओढलं आणि नंतर बराच वेळ थुंकत राहिला. विहिरीवरची रबरी नळी आणली. बिड्या विझवल्या गेल्या. डबा कोण धरणार, यावर चर्चा सुरू होणार एवढ्यात आय पुढचं दार उघडून बसली देखील.

"भरला मी. धरनार पन मीस."

मी चालवायला. मागे इनास, मधे आग्नेस, कडेला मालती. आयने खिडकीतून हात बाहेर काढून डबा डोक्याच्या वर धरला. नळी बॉनेटच्या फटीतून आत. मी किल्ली फिरवली, आणि गाडीने नकार द्यायला तोंड उघडलं, पण वरून आलेला घोट तिने गिळला, आणि ती सुरू झाली. बँडने एकदम जोरात सुरुवात केली. निळा धूर असा निघाला की मागचे वऱ्हाडी क्षणभर दिसेनासे झाले. पहिल्याच रांगेत पावलूमामा, स्वतःच्या पेट्रोलच्या धुरात चालत होते.

त्या वाटेचं काय वर्णन करू? केळीच्या पानांना डबा लागू नये म्हणून आय हात खाली घ्यायची, हात खाली आला की गाडी गुदमरायची, गाडी गुदमरली की मागून सगळे ओरडायचे, "आय, हात वर!" मग हात वर, गाडी पुढे. दुसऱ्या वाडीपर्यंत ही हाक बँडच्या तालात बसली आणि वाटेवरची माणसंही ओरडू लागली. ज्यांना काही ठाऊक नव्हतं त्यांना वाटलं म्हातारी आनंदाने हात हलवते आहे, आणि त्यांनीही हात हलवले. आय कुणाकडे बघत नव्हती. तिचं सगळं लक्ष डब्यावर. चर्चचा मनोरा दिसू लागला तसा तिचा हात खाली येऊ लागला. मागून इनासने पुढे वाकून आईचं कोपर तळहातावर धरलं, आणि शेवटपर्यंत ते तसंच धरून ठेवलं.

चर्चच्या फाटकातून आत शिरलो आणि पायऱ्यांपाशी गाडीने दोन आचके दिले. डब्यात काही उरलं नव्हतं. घंटा अजून वाजत होती. नवरामुलगा पायऱ्यांवर उभा होता, घाम पुसत.

मी मागे वळलो. "पोचवलं बाई तुला. पण आता परत कसं जायचं, हा प्रश्नच आहे."

आग्नेस झगा सावरत उतरत होती. ती थांबली आणि हसत म्हणाली, "काका, मला कुठे परत जायचंय?"

आयने डबा अजून खाली घेतला नव्हता.

इनास दुसऱ्या बाजूने उतरला. लेकीकडे न जाता तो पुढे गेला, बॉनेट उघडलं, आणि वाकून आत बघत राहिला. बंद पडलेल्या इंजिनात बघण्यासारखं काही नव्हतं. मास्तर आले, शिंपी आले, वाजंत्री आले, पावलूमामा आले, आणि त्याच्याभोवती उभे राहिले. मीही उभा राहिलो. दोन दिवसांत पहिल्यांदाच त्या बॉनेटपाशी कुणी कुणाला सल्ला दिला नाही. मग पावलूमामांनी आपला रुमाल काढून त्याच्यापुढे धरला. इनासने त्या रुमालाने डोळे न पुसता फक्त हात पुसले, बॉनेट लावलं, आणि जाऊन आग्नेसला हात दिला.